दाइवाताईच्या खुर्च्या

विमानाच्या धंद्यात पडलेली आणि विमानालाच टरकणारी बाई शोधून सापडायची नाही. पण दाइवा तशी होती.

ती लिथुआनियातल्या श्याउलेई गावची. तिची आई तिथल्या ग्लायडर क्लबात पट्टे शिवायची, आणि वर गेलेलं शेवटचं ग्लायडर खाली उतरेपर्यंत अन्नाला हात लावायची नाही. ग्रीन कार्डाची लॉटरी लागून दाइवा अमेरिकेला आली तेव्हा कपडे थोडे आणले, ती भीती मात्र पुरी आणली. सिएटलजवळ वर्षानुवर्षं बोटींची कव्हरं शिवली, विमान-मेकॅनिकचं लायसन्स काढलं, आणि बॉथेलच्या उत्तरेला एका छोट्या विमानतळावर स्वतःची पाटी लावली: दाइवा एअरक्राफ्ट सीट्स. चार माणसांच्या जुन्या विमानांच्या फाटक्या खुर्च्या उसवायच्या, नव्या कातड्यात शिवायच्या, रुळांवर पुन्हा बसवायच्या. गिऱ्हाईक विमान घेऊन उडालं की ही दारात उभी. आवाज ढगांत विरेपर्यंत आत यायची नाही. दोन शेजाऱ्यांनी तिला विचारलंही होतं, "रोज कुणाला टाटा करतेस?"

पद्मजा तिचं लाडकं गिऱ्हाईक. मूळची नागपूरची, बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये, चाळिशी ओलांडल्यावर विमान शिकलेली. लिथुआनियन माणूस 'जे'चा उच्चार 'य' करतो, त्यामुळे दाइवाच्या तोंडी तिची कायमची 'पद्मया' झाली होती. पद्मजानेही उट्टं काढलं.

"दाइवा म्हणजे आमचं दैव झालं की गं. दैव म्हणजे नशीब."

"नशीब मी नाही शिवत," दाइवा म्हणाली होती. "खुर्ची शिवते. बस. सांग, टोचते?"

तिच्या इंग्रजीत 'द' आणि 'अ' या आर्टिकलांना थारा नव्हता. वाक्य कसं, टाचणी टोचल्यासारखं. मराठी शब्द मात्र ती पद्मजाकडून हौसेने वेचायची. 'बस', 'चहा', 'येते', आणि 'का'साठी नागपुरी 'काहून'. 'काहून' तर इतका आवडला होता, की शिलाई मशीन अडकलं तरी त्यालाच विचारायची.

त्या शनिवारी सकाळी पद्मजा नव्या कातड्याच्या खुर्च्या बसवलेलं आपलं विमान न्यायला आली. नवऱ्याला तिकडे डोंगरापलीकडून आणायचं होतं, घाई होती. दाइवा आतल्या बाजूला मशीनवर होती. पद्मजाने किल्ली उचलली आणि दारातून हाक दिली, "दाइवाताई, येते हं!"

दाइवाला बरं वाटलं. येते म्हणाली, म्हणजे येईल. विमानाला एक फेरी मारून परत येईल, कॉफी घेईल, मग उडेल. तिने कॉफी चढवली. फडकं काढायला एप्रनच्या खिशात हात घातला तर बोटांना काहीतरी गार लागलं.

स्प्रिंग होती. बोटाच्या पेराएवढी.

पुढची खुर्ची रुळावर मागेपुढे सरकवून हव्या त्या भोकात खिळीने अडकवतात. ती खीळ खाली दाबून धरते ती ही स्प्रिंग. ती नसली तरी खीळ भोकात टेकते, खुर्ची हलवून पाहिली तर घट्टच वाटते. पण विमान जोर धरून धावायला लागलं, की एका हिसक्यात खीळ सुटते आणि खुर्ची पायलटसकट मागे जाते. हातात धरलेलं चाक माणूस आधारासाठी ओढतो, विमानाचं नाक आभाळाकडे जातं. पुढचं दाइवा कधी मनातसुद्धा पुरं करत नसे.

ही स्प्रिंग पद्मजाच्या खुर्चीची. खुर्ची बसवताना खिशात टाकली होती, ती तिथेच राहिली.

तिला पहिला विचार हाच आला: बरं झालं, येतेय ती. आली की सांगते. ओरडेल, ओरडू दे. दाइवा दाराकडे बघत उभी राहिली. कॉफी थेंबथेंब भांड्यात पडत होती. दारात कुणी आलं नाही.

मग इंजिन सुरू झालं.

ती बाहेर धावली तेव्हा पांढरं विमान धावपट्टीच्या टोकाशी पोचलं होतं. पायांनी गाठणं शक्यच नव्हतं. या विमानतळाला टॉवर नाही. पायलट एकाच वायरलेसवर एकमेकांना सांगून उडतात. तो वायरलेस दाइवाच्या फळीवर कायम सुरू असायचा. त्यातून पद्मजाचा आवाज आला: टेक-ऑफ करतेय, उत्तरेला जातेय.

दाइवाने माइक ओढला. आणि पंचवीस वर्षं पाठ केलेलं इंग्रजी त्या क्षणी तिच्या तोंडातून पार पुसलं गेलं. लिथुआनियनमध्ये 'नको'ला, 'नाही'ला एकच शब्द आहे. तोच आला.

"पद्मया! ने! ने! ने!"

क्षणभर खरखर. मग पद्मजाचा हसरा आवाज, "हो गं बाई, नेते. नेऊनच राहिली ना."

इंजिन गरजलं.

दाइवाच्या हातातून माइक सुटला. तिने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर फक्त ऐकावं लागलं असतं, आणि ते तिला अधिक भयंकर वाटलं. विमान धावलं, वेग धरला, आणि मध्येच त्याचा आवाज एकदम पडला. ते तिरकं झालं, धावपट्टी सोडून गवतात घुसलं, उसळलं, आणि थांबलं.

दाइवा कशी पळत गेली ते तिला नंतर सांगता आलं नाही. दार उघडलं. पद्मजा खुर्चीसकट पार मागच्या सीटला टेकलेली. आधीच बुटकी, पाय पेडलांपासून हातभर लांब लोंबत होते. मागे जाताना तिचा उजवा हात इंजिनचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्यावर होता. हाताबरोबर दांडाही मागे ओढला गेला आणि इंजिन मंद झालं. तेवढ्यावर ती वाचली होती.

"मी नको म्हणत होते," दाइवा म्हणाली.

"तू ने म्हणत होतीस."

"तू येते म्हणालीस."

"अगं, निघताना आम्ही येतेच म्हणतो. जाते म्हणत नाही."

"काहून?"

पद्मजा दाराला धरून खाली उतरली. दोघी गवतात बसल्या. दाइवाने मूठ उघडून स्प्रिंग दाखवली. पद्मजाने ती घ्यायला हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला, जणू ती भाजेल.

"माझ्या घरी आज काही सांगू नकोस," ती अखेरीस म्हणाली. "मीच सांगेन. नंतर."

दाइवाने मान हलवली, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. पद्मजाची खुर्ची शिवली त्याच दिवशी, त्याच टेबलावर तिने आणखी एका विमानाची खुर्ची जुळवली होती. डॉक्टर सुमंतकाकांची, तेही बॉथेलचेच, रिटायर्ड, विमान दुसऱ्या विमानतळावर ठेवणारे, दर शनिवारी बेटांवर उडणारे. एकदा चुकलेला हात दुसऱ्यांदा चुकला नसेल कशावरून? तिने फोन काढला.

"आत्ता करतेस?" पद्मजा म्हणाली. "त्यांची खुर्ची ठीकही असेल. विचार कर यार. काका अख्ख्या मराठी मंडळाला सांगतील. कुणी तुझ्याकडे खुर्ची टाकणार नाही."

दाइवाने नंबर लावला होता.

"बोल, दाइवा," काका ओरडले. मागे पंखा घरघरत होता. "मोठ्याने. इंजिन चालू आहे माझं."

"डॉक्टर, उडू नको. इंजिन बंद. तुझ्या खुर्चीत कदाचित माझी चूक."

"कदाचित म्हणजे? आहे का नाही?"

"माहीत नाही. म्हणून बंद."

"अगं, मी धावपट्टीच्या टोकाशी उभा आहे. मागे एक जण खोळंबलाय."

"खोळंबू दे."

पंखा घरघरत राहिला. दाइवाने फोन कानावर इतका दाबला की कान दुखला. पद्मजाने तिचा दुसरा हात धरला. मग तिकडचा आवाज जड झाला, अडखळला, एकेक पातं वेगळं ऐकू यायला लागलं, आणि इंजिन बंद झालं. काकांच्या बाजूला, गवतात असावा, कुठलासा पक्षी ओरडत होता.