रवंथ न करणारी डुकरीण

तलासरीकडच्या त्या पाड्यावर कुणाचं जनावर पडलं की आधी नवशीला बोलावतात. तिचा जन्म बैल आणि शेळ्यांमागे गेला. भावाने गाभण डुकरीण दिली, तेव्हा नवशीने तिलाही त्याच मायेनं भाताचा पेंढा टाकला आणि सावलीत बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

डुकरीण खायची, आडवी व्हायची, पण तोंड काही हलवायची नाही. रवंथ बंद म्हणजे जनावर आजारी. नवशीने ओवा-आल्याचा काढा पाजला.

सून संगिता म्हणाली, "आय, पान खायला द्या तिला. हलंल तोंड."

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. विण्याचे दिवस जवळ आले होते आणि डुकरिणीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. आई अशी वाळली तर पिलांना दूध कुठलं? त्यात नवशीला शेणात पेंढा दिसला, जसा गेला तसाच आलेला. मग तिला चैन पडेना.

पाड्यावरच्या पांड्याकडे लग्न होतं. शेजारचा जिव्या तिथं जेवणासाठी डुक्कर सोलत होता. नवशी जाऊन पुढ्यातच बसली.

"आतडी टाकू नको रे. मला बघायची."

"बघायची का खायची, काकी?"

"आधी बघते."

शेळीची चार पोटं तिने कितीदा धुतली होती. इथं वालाच्या दाण्यासारखी वाकडी एकच पिशवी.

"बाकीची कुठं ठेवलीस?"

"डुकराला एकच असतं. तुझ्यामाझ्यासारखं."

नवशीने पिशवी चिरली. आत आंबूस लापशी. पुढचं बारीक आतडं कुडाच्या भिंतीला धरून लांबवलं, तर कुड संपला तरी ते उरलंच. त्यात नुसता पातळ रस. त्याच्याही पुढं चकलीसारखं गुंडाळलेलं जाडं आतडं. हिरवा पाला तिथं पोचून कुजायला लागला होता. नवशीने त्या चकलीवर बोट ठेवलं.

"शेळीचा पाला आधी कुजतो, मग अंगी लागतो," ती म्हणाली. "हिचा कुजतो शेवटी. तवर रस शोषणारं आतडं मागं राहिलं. मी पेंढा घालून उपाशी ठेवली गं बाई तिला."

त्या दिवसापासून कोंडा, कणी, शिजवलेले कंद. पाला तोंडी लावण्यापुरता.

डुकरीण व्याली तेव्हा पिलं एकमेकांना ढकलत आचळांना लागली. सगळ्यात किडकं पिलू सगळ्यात कमी दुधाच्या मागच्या आचळाला लटकलं होतं. नवशीने ते ओढून काढलं आणि त्याच्या तोंडात बोट घातलं. बोट पांढरं होऊन बाहेर आलं.

"दूध चिकट हाय, पातळ नाय," संगिताला दाखवत ती म्हणाली, आणि ओरडणारं पिलू परत जागेवर लावलं.