शेवळांची विल्हेवाट

अभ्यागत क्रमांक : एकोणीस. नाव : जानी पोश्या हिलम. वय : अंदाजे पन्नास. राहणार : आटगावजवळची वाडी, तालुका शहापूर. व्यवसाय : मिळेल तो. भेटीचा उद्देश : परिसंस्थेविषयी जाणीवजागृती.

हे रकाने फाटकावरच्या पहारेकऱ्याने भरले. जानीचा उद्देश होता घरातून एक दिवस सुटका आणि जीपमध्ये खिडकीची जागा. तिची सासू बाईजा माघापासून अंथरुणाला खिळली होती. पेज पुढे केली की तोंड फिरवायची आणि एकच सांगायची, "शेवळं कर गो." शेवळं ही पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारी रानभाजी, आणि चालू होता फाल्गुन. म्हातारी तोवर थांबेल, यावर वाडीत कोणी पैज लावली नसती.

मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याशी, संशोधकांनी अर्धा एकर जंगल काचेखाली कोंडलं होतं. आतली हवा बाहेर जात नाही, बाहेरची आत येत नाही. वाडीतल्या बायांचे पाय धुवून, त्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, त्यांना एकामागच्या एक दोन दारांतून आत सोडलं.

"जंगल बघाया आपल्याला जंगलातून आनलं," शेजारीण रत्ना म्हणाली.

संशोधक कविता मॅडम समजावत होत्या : पाऊस तीन महिने आधी आला तर झाडं काय करतील ते इथे तपासतात, म्हणून महिनाभर नळ्यांतून पाऊस पाडलाय. झाडांनी काय केलं ते जानीला पुढच्याच वळणावर दिसलं. ऐनाच्या बुंध्याशी शेवळं उभी होती, वीतभर, तांबूस-जांभळी.

पुढचं सगळं तिच्या हाताने केलं. शेवळं दिसल्यावर विचार करत बसणाऱ्या बाईला ती मिळत नाहीत, मागून येणारीला मिळतात. कंद जमिनीतच ठेवून जानीने बुडाशी पिळून सहा खुडली. वर्षाचं पहिलं देवाचं म्हणून एक बुंध्याशी ठेवलं. नळीचा का होईना, पाऊस होता, म्हणजे देवही असणारच. उरलेली पाच पदरात बांधून तिने वर पाहिलं. सगळ्या बाया तिच्याकडेच बघत होत्या.

"मेलीस गो," रत्ना पुटपुटली.

"इथलं वाळलेलं पानसुद्धा बाहेर जात नाही," कविता मॅडम म्हणाल्या. "नियम आहे."

जानीने पदर सोडून शेवळं पुढे केली. "घ्या मॅडम. म्हातारी मागते म्हून हात गेला. दुसरा काय खात नाय ती. पाऊस बघल का नाय, ठाव नाय."

मॅडमनी शेवळं उलटसुलट करून पाहिली. "यांची मापं कालच घेतलीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आता विल्हेवाटच लावायची होती." त्यांनी एक फॉर्म काढला. "कशी नष्ट कराल?"

"शिजवून."

"नुसती?"

"नुसती खाल्ली तर घसा खाजून मरल मानूस! आतला पिवळा काढायचा न् काकडाची आंबट फळं घालायची. आता फळं कुठली? चिंच घालीन."

मॅडमनी लिहिलं : विल्हेवाटीची पद्धत – उष्णता व आम्ल.

"आनि सुका जवळा," जानीने आठवण केली. तो त्यांनी लिहिला नाही.

फॉर्मवर आभाराचा रकाना नव्हता. जानीने मॅडमच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मॅडमनी चष्मा पुसला. आत दमटपणा फार आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या दिवशी रत्नाच्या मोबाइलवर त्यांचा फोन आला. फॉर्म बंद करायचा होता. विल्हेवाटीनंतर अवशिष्ट जैविक पदार्थ किती ग्रॅम शिल्लक आहे?

"काय नाय उरला," जानी म्हणाली. "म्हातारीनं टोप पुसून खाल्ला."