नवमीच्या ओहोटीला बांधलेली खांड

माझं माहेर रोह्याजवळ वरसे. पावसाळ्यात भात, मग वाल. पाणी सगळं गोडं. लग्न होऊन पेणच्या खाडीकाठच्या गावात आले, तेव्हा पाणीसुद्धा शेताचा जीव घेतं हे मला ठाऊक नव्हतं. इथली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. खाडी आणि भात यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. तो पहिल्यांदा कोणी घातला ते गावात कोणालाच माहीत नव्हतं. पण दरवर्षी त्यावर माती चढत होती.

लग्नानंतरचं दुसरं वर्ष, नव्वदीचं दशक नुकतं लागलं होतं. नारळी पौर्णिमेला दुपारी मी नारळ खवत होते, आणि बाहेर आरडाओरड झाली. "खांड गेली! खांड गेली!" उधाणाच्या भरतीने बांध फुटून खांड पडली होती. धावत गेले तर बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलेलं, आणि त्यातून गढूळ खारं पाणी लावलेल्या भातात घुसत होतं. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. रडल्या नाहीत. पाणी कुठवर चढतंय ते नुसत्या बघत राहिल्या.

माझे यजमान नागोठण्याकडच्या कंपनीत कामाला. संध्याकाळी शिफ्ट करून आले, बांधावर जाऊन आले आणि ओसरीत डोकं धरून बसले. "आता यंत्राशिवाय नाय व्हायचं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चारजण पेणला जाऊन खारभूमी खात्याच्या साहेबांना घेऊन आले. साहेब भला माणूस. गुडघाभर चिखल तुडवत बांधावर आले आणि म्हणाले, "या पावसात यंत्र इथवर येणारच नाही. दिवाळीनंतर बघू." त्यांचं चूक नव्हतं. पण रोज दोन भरत्या आत येणार, तर दिवाळीपर्यंत शेताचं मीठ झालं असतं.

सासूबाई बोटांवर तिथ्या मोजत होत्या. "उधाण उतरू दे. अष्टमीनंतर पाणी भांगेला लागतं, त्याचा जोर सरतो. नवमीला सकाळी भरती उतरली की हात घालायचा, तिसऱ्या प्रहरापर्यंत बांधून काढायची. मी नवी नवरी होते तवा अशीच बांधली व्हती."

तेव्हा यंत्रं कुठली? तेव्हा होता जोळ. घरटी एक माणूस, मजुरी नाही, बोलावणं आलं की फावडं घेऊन निघायचं. संध्याकाळी देवळात जोळ बसला. त्याचे म्होरके म्हणजे सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटकुळे एक काका. त्यांनी माणसं मोजली. निम्मे पुरुष शिफ्टला जाणारे. हात पुरत नव्हते.

मी मागे बायकांत बसले होते. कसं कोण जाणे, उठून बोलले, "आमच्या घरातून मी येते."

म्होरके माझ्याकडे वळले. "तू डोंगराकडची, गो पोरी. खाडीच्या चिखलात उभी राहशील?"

"भात आम्ही चिखलातच लावतो, काका."

"माझ्या घरचं माणूस तीच," सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. मग आणखी एक बाई उठली, मग तिसरी. शेवटी म्होरके हसले. "मंग काय, गोपाळकाला चिखलातच!"

आठवडाभर बांबू, पेंढा आणि खाडीकाठच्या तिवरांच्या फांद्या गोळा केल्या. नवमीला पाणी उतरायला लागताच कामाला लागलो. पुरुषांनी खांडीत बांबूंच्या दोन रांगा ठोकल्या, मध्ये फांद्या आणि पेंढा दाबला. बायकांची रांग लागली. फावड्याने कापलेला चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात, पुढे, पुढे. गोळा तान्ह्या मुलाएवढा जड, आणि निसटता. दुपारपर्यंत माझे खांदे बधिर झाले.

तिसऱ्या प्रहरी पाणी फिरलं. अजून दोन हात फट उरली होती, आणि तिच्यातून धार आत येऊ लागली. म्होरके छातीएवढ्या पाण्यात उतरले. "पेंढा टाका! चिकल द्या, थांबू नका!" मी रांग सोडून पुढे गेले. टाकलेला पहिला गोळा वाहून गेला, दुसराही. मग आम्ही पाचसहाजणी खांदे लावून पेंढ्याच्या मोळीला रेटत उभ्या राहिलो, आणि मागून गोळ्यावर गोळे पडत गेले. पायांतून पाणी ओढत होतं. मग ओढ कमी झाली. मग थांबली.

दिवस मावळताना भरती पुरती चढली. बाहेर खाडी बांधाला टेकून उभी, आत थेंब नाही. कोणीतरी दहीकाल्याचं पातेलं बांधावर आणलं. चिखलाच्या हातांनी आम्ही तो खाल्ला आणि बायकांनी तिथेच फेर धरला. यजमान शिफ्टवरून थेट बांधावर आले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

पुढे पाऊस धो धो कोसळला. दर ओहोटीला बांधाची दारं उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीला बंद करायचं. असं करत मीठ धुऊन निघालं. नव्या सुधारित बियाण्याचं भात बहुतेक पिवळं पडून गेलं. पण सखल शेतांत जुन्या लोकांनी हट्टाने पेरलेला रता, खारं पाणी सोसणारा लाल भाताचा जुना वाण, तगला, फुटला, लोंब्यांनी वाकला. पुढच्या वर्षी साऱ्या गावाने त्याचंच बी मागून नेलं.

त्या वर्षीच्या दिवाळीत वडील वरशाहून आले. लाल भात त्यांनी दोनदा मागून घेतला. मग मी त्यांना बांधावर नेलं. नव्या मातीवर गवत उगवलं होतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पिकलेलं भात. ते बराच वेळ वाकून दोन्हींकडची उंची बघत होते.

"हे तुम्ही हातांनी केलंत?"

"व्हय," मी म्हणाले.