जात्याआडची प्रार्थना

आमच्या ख्रिस्ती देवळात प्रार्थना सुरू झाली, की मामांचा उजवा हात बाकावर गोल गोल फिरू लागायचा. ओठ हलायचे, आवाज मात्र नाही. मी पेटी वाजवायला बसायचो, त्यामुळे ते मला समोरच दिसायचं. तुम्हीही हसला असता. आम्ही सगळेच हसायचो.

इकडे पाळकसाहेबांचा आवाज असा खणखणीत, की बाजारापर्यंत जायचा.

सगळी मंडळी त्यांना मामाच म्हणायची; ते रोहण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून पायी यायचे. एकदा मी विचारलंच, "मामा, हात काऊन फिरवता?"

"जातं आहे ते, मास्तर. घरी कारभारीण जातं फिरवे, अन् त्या घरघरीत म्या प्रार्थना करावी. शेजाऱ्याईले आयकू नाई जावं म्हणून. आता जात्याबिगर शब्दच निंगत नाई."

पण लपवणार किती दिवस? बाप्तिस्म्याची बातमी फुटलीच. कौलांवर धोंडे पडले, विहीर बंद झाली, मजुरीला कोणी बोलवेना. साळा येऊन बहिणीला माहेरी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तुह्यं आहे कोण? तुह्ये मानसं दाखव, मंग बहीण धाडतो."

तेव्हापासून मामांचं एकच मागणं. "एक रविवार माह्या घरी उपासना करा ना जी. गावाले दिसू द्या. मंग कारभारीण येईन."

"येऊ, येऊ!" पाळकसाहेब म्हणायचे. मग नाताळ आला, मग ऊन तापलं, मग पावसानं रस्त्यात गाळ झाला. शिवाय बाकांवर गाद्या घालाव्या की नाही, यावरून मंडळीत दोन तट पडले होते. मेलं ते गादीचं भांडण! मामांनी ते नीट ऐकून घेतलं आणि मला हळूच विचारलं, "गादीवर झोप नाई लागत का जी?"

निघताना दर वेळी म्हणायचे, "येजा बरं माह्या घरी."

पोळ्यानंतर मामा दिसेनात. त्यांच्या बाकाकडे बघवेना. शेवटी पाळकसाहेब आणि मी बैलगाडी करून निघालो.

दाराला कडी होती. ओट्यावर धुतलेल्या पोत्यांची चळत होती. शेजारीण तिच्या दारातूनच म्हणाली, "गेला तो. तापानं."

"आणि ही पोती?"

"तुमच्यासाठीच. दर रविवारी तुमच्याकडे जायच्या आधी अंगणात टाके बिचारा. लोक आले तर बसतीन म्हणे."

"मातीला कोण होतं?"

"साळ्यानं केली माती. बहिणीले घेऊन आलता. ते काही रडली नाई. जात्यापाशी बसली. दाणा नाई, पीठ नाई, नुसतंच फिरवे. मातीहून मानसं परत आली, तरी फिरवूनच राह्यलती."

मला भरल्या गावात फार एकटं वाटलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ओठ हलले, पण आवाज काही फुटेना.

शेजारीण दारातून बाहेर आली.

"मोठ्यानं म्हना ना जी," ती म्हणाली. "आता कोनी धोंडा नाई मारत."