प्लास्टिकमधलं सर्टिफिकेट

शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजात दोन प्रकारची मुलं होती. नोकरी शोधणारी आणि नोकरी कशी शोधावी हे शिकवणारी. शिकवणारे जास्त होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही नोकरी नव्हती. कॅन्टीनमध्ये एका चहावर तासभर बसून ते सांगत, टायपिंग कर, हातात फाइल धर, साहेबाच्या डोळ्यात बघून बोल. मी मूर्खासारखं सगळं केलं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये टायपिंगचा क्लास लावला आणि घरी आरशात स्वतःच्याच डोळ्यात बघून 'गुड मॉर्निंग सर' म्हटलं.

मला घाई होती. बी.कॉम.च्या निकालाआधी नोकरी लागली तर स्थळं बघणं दोन वर्षं थांबवू, असं बाबांनी कबूल केलं होतं. आत्याने मात्र माझ्या फोटोसाठी साडीसुद्धा काढून ठेवली होती.

मग एका सरकारी ऑफिसातून कारकुनाच्या जागेसाठी कॉल आला. दहावी-बारावीची मूळ सर्टिफिकेटं घेऊन या, असं त्यात लिहिलं होतं.

आम्ही बदलापूरला, मांजर्लीत राहायचो, नदीजवळ. आदल्या पावसाळ्यात घरात कमरेएवढं पाणी शिरलं आणि रेशनकार्डाचा लगदा झाला. तेव्हापासून बाबांनी कागदांची धास्ती घेतली होती. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. मला न सांगता त्यांनी दोन्ही सर्टिफिकेटं कॅम्प चारमध्ये नेली आणि लॅमिनेट करून आणली. दुकानदाराने प्लास्टिकच्या आत, बोर्डाच्या शिक्क्याशेजारी, स्वतःच्या दुकानाचं गुलाबाचं स्टिकरही घातलं होतं.

"तो म्हणाला, काका, पानी में डालो, कुछ नहीं होगा." एवढं सांगून बाबांनी दहावीचं सर्टिफिकेट खरंच बादलीत बुडवलं. मी टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांच्या कॉलेजने मला एवढीच अक्कल दिली होती.

इंटरव्ह्यू झकास झाला. साहेब म्हणाले, "तुमची निवड झालीय. मूळ प्रतीच्या मागे शिक्का मारतो, सही करतो, की झालं." त्यांनी शिक्का मारला. शाईचे थेंब प्लास्टिकवर जमले आणि साहेबांच्या अंगठ्याला लागले. त्यांनी पुन्हा मारला. मग उलटून गुलाब बघितला.

"हे बोर्डाचं सर्टिफिकेट आहे की दुकानाचं? बोर्डाकडून दुसरी प्रत आणा. सोमवारपर्यंत."

बोर्डाने दोन महिन्यांत उत्तर दिलं तरी उपकारच. साहेबांनी पुढच्या मुलीला बोलावलं. तिच्या सर्टिफिकेटावर चहाचा गोल डाग होता. त्या डागाशेजारी शिक्का छान उमटला.

बाबा दारातच उभे होते, हातात पेढ्यांचा पुडा. खरं सांगायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "वशिल्याची मुलगी घेतली."

वशिला म्हटलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. बाबांनी महिनाभर सरकारला शिव्या घातल्या, कारखान्याच्या गेटवर, न्हाव्याच्या खुर्चीत, जेवताना. मी बापाचं मन राखलं म्हणून स्वतःवर खूश होते. मोठी गुणाची पोर!

मग एका रविवारी ते म्हणाले, "पोरी, वशिल्याशिवाय काही होत नाही. आपला वशिला कुठे आहे? उगाच चपला झिजवू नकोस." आणि त्यांनी आत्याला होकार कळवला. मला राग आला, इतका की रडूसुद्धा आलं नाही. तो त्यांच्यावर काढता येईना, कारण त्यांना हे मीच शिकवलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा घरात आली. माझं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही ट्रंक उघडली. लग्नाच्या साड्यांचा रंग एकमेकींना लागला होता. तळाशी चिखलात दोन्ही सर्टिफिकेटं होती. बाबांनी दहावीचं खांद्यावरच्या पंच्याने पुसलं आणि उजेडात धरलं. गुलाबसुद्धा ताजा होता.

"बघ, एक थेंब आत गेलेला नाही," ते म्हणाले. किती दिवसांनी ते हसत होते. "सासरी जाताना हे बरोबर ने. कधी नोकरी करावीशी वाटली तर उपयोगी पडेल."

"हो बाबा," मी म्हटलं. "तुमच्यामुळेच राहिलं."