सात नंबरची तांबडी भाजी

सहा वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या मंडपात बायकांच्या मंडळाने पाककृती स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक मी होतो. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस गावात एकच असला की त्याला सगळ्याचाच परीक्षक करतात. रांगोळी असो, भजन असो की मिसळ भाज्यांचं खतखतं. त्या दिवशी मी माइकवरून खोटं बोललो. जाणूनबुजून बोललो. त्या खोट्याची शिक्षा माझ्या बायकोने भोगली आणि थोडी मीही, पण माझी मला उशिरा कळली.

स्पर्धेत भांड्यांवर नावं नसत, नुसते नंबर. केळीच्या पानाखाली झाकलेली चौदा भांडी मांडली होती. मी एक एक पान उचलत चाललो होतो. सात नंबरचं पान उचललं आणि ओळखलं. तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ. आमच्याकडे ती सगळ्याच घरांत होते. कांदा, मिरची, वरून खोबरं. पण कोवळे देठ बारीक चिरून पाल्याच्या आधी घालायचे आणि फणसाची बिकणं, म्हणजे आठळ्या, ठेचून त्यात मुरवायची, हे आमच्या वाड्यावर एकच बाई करते, माझी बायको. ती मूळची चोपड्याची. तिच्या आईने नदीकाठच्या वाफ्यात तिला ही भाजी लावायलाही शिकवली आणि करायलाही. लग्न होऊन इकडे पाळी गावात आली तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली बियांची पुरचुंडी होती.

चौदा भांड्यांत ती भाजी सर्वांत चांगली होती. यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण पहिलं बक्षीस जाहीर करायची वेळ आली आणि माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेतल्या बायकांची तोंडं आली. मास्तरांनी बक्षीस घरातच ठेवलं, असं म्हणतील. म्हणून मी बक्षीस अकरा नंबरला दिलं. पणजीहून नव्यानेच सून होऊन आलेल्या एका मुलीने पास्ता केला होता, घरी शिजवलेल्या टोमॅटोच्या सॉसमधला. छान होता. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मंडपात कुजबुज झाली, देवळात पास्ता कसा पहिला येतो म्हणून, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मी माइक हातात घेऊन सांगितलं की पालेभाजी शिजवली की तिच्यातलं सत्त्व निघून जातं, उरतो तो चोथा. टोमॅटो मात्र शिजवल्यावर अधिक गुणकारी होतो. विज्ञानच तसं सांगतं.

यातलं दुसरं वाक्य खरं आहे. पहिल्याला आधार देण्यासाठी मी ते वापरलं. खोटं खपवायचं असलं की त्याच्या शेजारी एक खरं वाक्य बसवायचं, हे मला मुलांच्या उत्तरपत्रिका तपासून चांगलं माहीत होतं.

त्या दिवसानंतर आमच्या घरात तांबडी भाजी माझ्या ताटात आली नाही. भांडण झालं नाही. वाफा होता, तिन्हीसांजेला पाणी घातलं जात होतं, जुड्या बांधून शेजारीपाजारी वाटल्या जात होत्या. मला दुधी, भेंडी, वाल, सगळं मिळत होतं. एकदा मी विचारलंही, तर म्हणाली, "चोथो कित्याक खातास?" आणि ताक वाढलं. मी हसलो. तीही हसली. मला वाटलं, संपलं.

गेल्या महिन्यात शेजारची मुलगी कुंपणाशी उभी होती. मुलगी म्हणजे दुसऱ्यांदा गरोदर असलेली बाई. तिचा नवरा सिंधुदुर्गातला, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. पास्तावाल्या सुनेसारखीच तीही स्पर्धेच्या वर्षी लग्न होऊन, नवऱ्याबरोबर शेजारी राहायला आली होती. तोंड पांढरं पडलेलं होतं.

"मास्तरांनू, दाक्तरीण म्हणता रगत कमी आसा. गोळ्यो दिल्यान."

"गोळ्या घे नेमान. आणि पालेभाजी खातंस मगो?"

"खंयची वो! तुमीच सांगलात ना देवळात, शिजवल्यार पाल्यात कायच रवना नाय म्हणान. मी सॉसची बाटली हाडून ठेवलंय. सकाळी पावाच्या उंड्याक लावन खातंय."

"आणि काकी जुडी देता ती?"

ती ओशाळली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "काकीक सांगू नकात हां. ती मी बकरेक घालतंय." मग स्वतःच हसली. "बकरी बरी आसा."

मला हसू आलं नाही. तिला तिथल्या तिथे सांगितलं की मी चुकीचं बोललो होतो, भाजी खा, वर लिंबू पिळून खा, आणि बाटलीतल्या सॉसने रक्त वाढत नाही. त्यात साखर आणि मीठच फार. तिने मान डोलावली. पण तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की ती गोंधळली आहे. माइकवरून बोललेले मास्तर खरे की कुंपणावरून बोललेले?

घरी आलो. बायको मागच्या पडवीत भाजीची मुळं कापत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "त्या स्पर्धेतला सात नंबर तुझा, ता माका तेव्हाच कळलेला."

तिने मान वर केली नाही. "म्हायत आसा माका."

"कसा?"

"सगळ्या भांड्यांतली एक एक कुलेर खाल्लात तुमी. सातातली तीन."

सहा वर्षं तिला हे माहीत होतं आणि सहा वर्षं तिने मला ताक वाढलं.

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"काय बोलू? बक्षीस माका नको होता. त्या डब्यांचो सेट घेवन मी काय करतलंय? पण भाजयेत कायच नाय म्हणालात. माझ्या आवशीन शिकवलेली भाजी ती. सगळ्या गावासमोर चोथो म्हणालात."

मी म्हणालो की येत्या रविवारी मंडळाच्या बैठकीत उभा राहतो आणि सगळ्यांसमोर चूक कबूल करतो.

"सांगलेला वाऱ्यार जाता," ती म्हणाली. "वहीत लिवा."

मंडळाची एक जाड वही आहे. प्रत्येक स्पर्धेच्या पाककृती तिच्यात उतरवतात आणि खाली परीक्षक शेरा लिहितो. वाड्यावर नवी सून आली की ती वही घरी नेऊन हवं ते उतरून घेते. मी शेरा लिहिल्याचं साफ विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी तिने वही आणून खिडकीजवळच्या मेजावर उघडून ठेवली. माझंच अक्षर, ठसठशीत: "पालेभाजी शिजवल्यावर पोषणमूल्य नगण्य. टोमॅटोचा सॉस श्रेष्ठ." खाली सही. इतक्या वर्षांत किती सुनांनी हे उतरून घेतलं असेल, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी त्या शेऱ्यावर रेघ मारली आणि खाली लिहायला घेतलं. ती समोर बसून खोबरं किसत होती, प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायला लावत होती.

तांबड्या भाजीत लोह आहे, चुना म्हणजे कॅल्शियम आहे, डोळ्यांना लागणारं सत्त्व आहे, गरोदरपणात लागणारं फोलेट आहे. शिजवल्यावर क जीवनसत्त्व बरंच जातं, फोलेट थोडं जातं. लोह कुठे जात नाही. पाणी ओतून टाकलं तरच थोडं त्याच्याबरोबर जातं. पाल्यातलं लोह शरीराला लवकर लागत नाही, म्हणून सोबत आंबट हवं.

"माझ्या भाजयेत पाणी खंय असता ओतूक?" ती म्हणाली. "आपल्याच पाण्यात शिजता ती. ता लिवा."

लिहिलं. खोबऱ्याचंही लिहिलं, डोळ्यांचं सत्त्व अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो, तो त्यातून मिळतो. तिची आई विज्ञान शिकली नव्हती. मी शिकलो होतो.

"धुळीचा लिवा," ती म्हणाली. "अर्ध्यो बायलो म्हणतत, पाल्यार खाणीची धूळ बसता, तेचात लोखंड आसा, धुवक नको."

"खरंच म्हणतत?"

"तुमी मास्तर ना त्यांचे. तुमी सांगल्याशिवाय कोणाक कळतला?"

लिहिलं: खाणीच्या धुळीतलं लोखंड अंगाला लागत नाही, भाजी तीन पाण्यांनी धुवावी.

मग सॉसची पाळी आली. मी जरा जोरातच लिहायला लागलो, तशी तिने किसणी थांबवली. "टोमॅटोक वायट लिवू नकात. त्या पणजेच्या पोरीन चांगला केलेला. मी खाल्लंय."

म्हणून नीट लिहिलं. टोमॅटोतलं लाल द्रव्य शिजवल्यावर आणि तेलाबरोबर शरीराला अधिक मिळतं, ते हितकर आहे. लोह मात्र त्यात फारसं नाही. घरचा सॉस आणि बाटलीतला सॉस एक नव्हेत. एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही, पण भाजीसोबत टोमॅटो खाल्ला तर भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

"म्हणजे भाजयेत टोमॅटो घालूचो?"

"घातलो तर बरा."

"काय नको. चव जाता. बाजूक कोशिंबीर करू दे."

तेही तसंच लिहिलं आणि सही केली. तिने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि पान पहिल्यापासून वाचून काढलं. मग बोट सहीवर ठेवलं.

"भाजयेचा सगळा लिवलात. तुमी तेव्हा तसा कित्याक बोललात, ता खंय?"

"ता पण लिवूचा?"

तिने वही माझ्याकडे सरकवली.

या वयात स्वतःच्या भित्रेपणाबद्दल चार बायकांच्या वहीत लिहायचं म्हणजे हात थांबतो. लिहिलं. सात नंबरचं भांडं माझ्या पत्नीचं आहे हे मला पहिल्याच घासाला कळलं होतं. ते चौदांत सर्वांत चांगलं होतं. लोक काय म्हणतील या भीतीने मी तिला डावललं आणि ते झाकण्यासाठी विज्ञानाचं नाव घेऊन खोटं बोललो. पुन्हा सही केली.

तिने ते दोनदा वाचलं. वही पिशवीत घातली, आत जाऊन बाजारात जायची साडी नेसून आली. मी म्हटलं, भर दुपारी कुठे निघालीस, संध्याकाळी मी नेऊन देतो की. "तुमी जेवा," ती म्हणाली, "चुलीर आसा सगळा. पयली त्या पोरीकडे जातंय. बकरेक घालता नाय ती जुडी? म्हायत आसा माका." आणि छत्री उघडून कुंपणाच्या वाटेने निघाली, नेहमीपेक्षा जरा भरभर.