चेलो, व्हायोलिन आणि नवऱ्याची दाद

मागच्या रविवारी इथे सिंगापुरात, पासिर रिसला मेलिंगच्या फ्लॅटवर आम्ही दोघींनी बांधलेली रचना पहिल्यांदा वाजवली. ती चेलो, मी व्हायोलिन... आणि श्रोते दोनच. तैवानहून आलेली तिची आई आणि माझा नवरा, नितीन.

मेलिंग माझी ऑफिसातली मैत्रीण. तिच्या गावाकडे चहाची पानं खुडताना बायका म्हणतात ते लोकगीत आम्ही घेतलं होतं. चाल ऐकल्याबरोबर मी म्हटलं, अगं, हा तर आपला भूप... तिनं शांतपणे एकेक सूर कागदावर लिहून काढला आणि मी दर शनिवारच्या सरावाला काहीतरी वेगळंच वाजवलं. बरीच भांडणं होऊन शेवटी तह झाला. मधला तुकडा माझा, बाकी सगळं तिच्या हुकुमाप्रमाणे.

खरी धास्ती होती आईची. मेलिंग लहानपणापासून चेलो वाजवते, पण आईनं कधी बरं म्हटलं नाही की वाईट. आणि हे गाणं तर आईनं स्वतः मळ्यात म्हटलेलं.

आंटी ताठ बसून ऐकत होत्या. माझा तुकडा आला, एक जागा बरी लागली... आणि नितीननं मांडीवर थाप मारून खणखणीत "वाह, क्या बात है!" ठोकून दिलं.

मेलिंगचा हात जागीच थांबला. तिच्या पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीत लोक खोकलासुद्धा दाबून ठेवतात. तिनं घाबरून विचारलं, "युअर हजबंड ओके ऑर नॉट?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सारवासारव केली की आमच्यात आवडलं तर तिथल्या तिथे बोलायचंच असतं, गप्प बसलं तर वाजवणाऱ्याला वाईट वाटतं. तिनं ते आईला समजावलं.

आंटींनी नितीनला नीट निरखून पाहिलं. आम्ही पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या ओळीलाच आंटी काहीतरी पुटपुटल्या... लय वाढवा म्हणे. मग तेही पटेना, तेव्हा स्वतःच गायला लागल्या. कापरा आवाज, मांडीवर ठेका. लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आम्ही मुकाट्यानं त्यांच्या मागे वाजवत गेलो.

गाणं संपल्यावर त्या मुलीशी हळू आवाजात बोलल्या. मेलिंगनं डोळे पुसत मला सांगितलं, "आई म्हणतेय, छान वाजवतेस. लहानपणीही छानच वाजवायचीस. मला वाटायचं, तुमच्या या संगीतात ऐकणाऱ्यानं बोलायचं नसतं."

परत येताना एमआरटीच्या गाडीत नितीननं हळूच विचारलं, चुकलं का गं माझं? मी म्हटलं, चुकलंच... पण असाच चुकत जा.